गाइडबुक घेताना आधी पणजीचं पान उघडून बघा

गाइडबुक चांगलं की वाईट हे ठरवताना बहुतेक लोक फोटो बघतात, मग हॉटेलांची यादी बघतात आणि मग किंमत. मला विचाराल तर शहर फिरायला जाताना या तिन्हींचा फारसा उपयोग नाही. फोटो सगळीकडे मिळतात, हॉटेल आपण फोनवरच बुक करतो, आणि पुस्तक दोनशेचं असो नाहीतर हजाराचं, ते तुम्हाला भलत्या वेळी भलत्या दारासमोर उभं करत असेल तर पैसे वायाच गेले. शहराच्या पुस्तकाने माझ्या मते एक काम नीट करायला हवं, ते म्हणजे दिवस कसा लावायचा ते सांगायचं. कुठे उतरायचं, कुठून चालायला लागायचं, आधी काय नंतर काय, कुठलं दार किती वाजता बंद होतं, कशात बसायचं, कुठे चढ आहे, जेवायला कधी पोचलं पाहिजे, हे सगळं. बघण्यासारखं काय काय आहे हे तर कुणीही सांगेल हो.

मी पणजीत राहते आणि हे मत माझं पणजीवरूनच झालंय. आमच्याकडे सांगली, पुणे, बेळगाव असे सगळीकडून नातेवाईक येत असतात, आणि त्यातले काही अजूनही हातात पुस्तक घेऊन येतात, मला ते फार आवडतं, आल्या आल्या चहा व्हायच्या आधी मी ते पुस्तक मागून घेते आणि पणजीचं प्रकरण काढून वाचायला बसते. गोव्याच्या पुस्तकात पणजी कशी लिहिलीय यावरून त्या पुस्तकाचं सगळं कळतं.

कारण गोव्याचं पुस्तक म्हटलं की पानंच्या पानं किनाऱ्यांवर जातात. कळंगुट, बागा, हणजूण, मग दक्षिणेत कोलवा, पाळोळे. पणजी मध्ये कुठेतरी चार-सहा पानांत, आणि बहुतेक ठिकाणी 'अर्ध्या दिवसात होणारं छोटंसं गाव' असं लिहून मोकळे होतात. आणि आपल्याकडची जी मराठी पुस्तकं मिळतात ना, स्टँडवर, देवळांच्या बाहेर, छोटी छोटी, त्यांचं उलट असतं. त्यात मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी हे सगळं अगदी पूजेच्या वेळांसकट असतं, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांची कुलदैवतं फोंडा तालुक्यात आहेत आणि लोक खास त्यासाठीच येतात. पण पणजी म्हणजे एक चर्च आणि संध्याकाळची बोट. म्हणजे इंग्लिश पुस्तक तुम्हाला समुद्रावर नेतं, मराठी पुस्तक देवळात नेतं, आणि राजधानीचं शहर दोघांच्याही मधून निसटतं. गोवा दर्शनच्या बसवाल्यांचंही तेच, चर्चच्या समोर गाडी थांबवायची, खाली उतरून फोटो, चला पुढे. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण चालत फिरण्यासाठी इतकं सोयीचं, इतकं छोटं आणि इतकं भरलेलं शहर आपल्या बाजूला दुसरं नाही असं मला मनापासून वाटतं.

तर पहिली गोष्ट, पुस्तक किती जुनं आहे ते बघा. आतल्या पानावर साल छापलेलं असतं पण त्यावर जाऊ नका, नवीन आवृत्ती म्हणून जुनाच मजकूर परत छापलेला असतो पुष्कळदा. मी विमानतळाचं पान काढते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झालाय, आणि तो पणजीच्या उत्तरेला, दाबोळी दक्षिणेला. दोन्हींकडून पणजीला यायला तास-दीड तास जातोच, पण दिशाच वेगळ्या. पुस्तकात नुसतंच दाबोळी असेल तर तुम्हाला कळलं की हे पुस्तक कधी लिहिलंय. मग मांडवीवरचे पूल बघा. तिसरा पूल, म्हणजे अटल सेतू, २०१९ ला सुरू झाला, तो नकाशात आहे का? आणि राज्य संग्रहालय. ते आधी पाटोला (बस स्टँडजवळचा भाग) होतं, ती इमारत रिकामी केल्यावर संग्रहालय नदीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात आलं, म्हणजे ज्याला आम्ही जुनं सचिवालय म्हणतो तिथे. पुस्तक अजून पाटोलाच पाठवत असेल तर बाकीच्या पत्त्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. प्रत्येक शहरात अशा दोन-तीन गोष्टी असतात, नवीन मेट्रो, हललेलं स्टँड, बंद पडलेलं थिएटर, त्या आधी माहीत करून घेतल्या की दुकानात उभ्या उभ्या पुस्तकाचं वय काढता येतं.

दुसरी गोष्ट प्रवासाचं पान, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच माणसं अडकतात.

बहुतेक पुस्तकं कोकण रेल्वेने मडगावला उतरा असं सांगतात. मडगाव मोठं स्टेशन आहे, सगळ्या गाड्या थांबतात, बरोबर आहे. पण तुम्हाला पणजीतच राहायचंय तर करमळी हे स्टेशन कितीतरी जवळ, बारा-एक किलोमीटर, आणि मांडवी एक्स्प्रेस तिथे थांबते, मग उगाच मडगावपर्यंत जाऊन तीस-पस्तीस किलोमीटर उलटं कशाला यायचं. आणि सांगली-मिरजेकडची माणसं कोकण रेल्वेने येतच नाहीत, ती गोवा एक्स्प्रेसने लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर असा घाट उतरून येतात, नाहीतर सरळ एसटीने. हा रस्ता कुठल्याच पुस्तकात नीट दिलेला मला दिसला नाही. पुस्तक कुणासाठी लिहिलंय ते अशा जागी कळतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मुंबईहून किंवा परदेशातून येणारा माणूस असतो, मिरजेहून पहाटे निघणारी बाई नसते.

माझी एक आतेवहिनी सांगलीहून आली होती, सोबत एक चांगलं जाड इंग्लिश पुस्तक, मुलाने दिलेलं. तिला दुसऱ्या दिवशी मडगावला जायचं होतं, तिथे तिच्या माहेरचं कुणीतरी राहतं. पुस्तकात लिहिलेलं की पणजी ते मडगाव 'बसेस वारंवार सुटतात'. एवढंच. आता हे वाक्य खोटं नाही, पण कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बसच्या) स्टँडवर पाय ठेवल्यावर त्याचा काय उपयोग? मी तिच्याबरोबर गेले होते. आत शिरल्यावर खाजगी बसचे कंडक्टर मडगाव मडगाव करून ओरडत असतात, ती लगेच एका बसकडे निघाली, मी म्हटलं, "वहिनी, थांबा, ही बस दर ठिकाणी थांबत जाते, आपण शटलने जाऊ." शटल म्हणजे नॉनस्टॉप, मडगाव, वास्को, म्हापसा अशा ठरलेल्या गावांना जाते, आणि तिचं तिकीट बसमध्ये मिळत नाही. आधी खिडकीवर रांग लावायची, तिकीट घ्यायचं, मग बसायचं, कारण आत कंडक्टर नसतोच. रांगेत आमच्या पुढे एक बाई होत्या, हातात माशांची पिशवी, त्यांनी वहिनीला बाजूला उभं राहिलेलं बघून सांगितलं, "हांगा न्हय, थंय रावात, मडगांवची लायन ती." वहिनी बरोबर त्या रांगेत गेली. पुढे बस भरली, दार लागलं आणि मध्ये कुठेही न थांबता आम्ही मडगावात. उतरल्यावर वहिनी मला म्हणाली, "अगं, हे लिहायला दोन ओळी लागल्या असत्या की गं." अगदी हेच माझं म्हणणं आहे. दोन ओळी. खिडकीवर तिकीट घ्या, मग बसा. ज्या पुस्तकात या दोन ओळी आहेत त्याचा लेखक स्वतः त्या स्टँडवर उभा राहिलेला आहे, आणि ज्यात नाहीत तो टॅक्सीने फिरलाय.

टॅक्सीचंही तसंच. मुंबई-पुण्यात जी अॅप आपण वापरतो, ओला-उबर, ती इथे चालत नाहीत, इथलं गोवा माइल्स आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, भाडं आधी ठरवून. आणि पायलट! पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाले, लायसन असलेले, मागे बसायचं आणि चढावरच्या घराच्या दारात उतरायचं. एकट्या माणसाला, हातात एकच बॅग असेल तर, याच्याइतकं स्वस्त आणि सुटसुटीत काही नाही. आणि बेतीची फेरी, पणजीच्या धक्क्यावरून पलीकडे, पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही, मांडवी बघायला लोक पैसे भरून गाण्यांच्या बोटीत बसतात ते बसू देत, पण ही फेरी पुस्तकात असायलाच हवी. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी त्यात उभं राहिलं की पणजीची माणसं भेटतात. आणखी एक, रात्री आठनंतर बसेस कमी कमी होत जातात. दिवसभर फिरणाऱ्याला ही गोष्ट सकाळीच माहीत असली पाहिजे, रात्री नऊला स्टँडवर नव्हे.

आता चालण्याबद्दल. पणजीत एक बाजू नदी आणि मध्ये आल्तिनो टेकडी, आणि सगळं शहर या टेकडीच्या पायथ्याला गुंडाळलेलं. हे ज्या नकाशात दिसत नाही तो नकाशा कामाचा नाही. कागदावर फोंतैन्यश, म्हणजे जुन्या पोर्तुगीज घरांची वस्ती, आणि चर्च अगदी शेजारी दिसतात, पण मध्ये चढ-उतार आहे, आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता सत्तरीच्या आजोबांना घेऊन तो चढ चढणं म्हणजे त्यांचे हाल. चांगलं पुस्तक सांगेल की सकाळी लवकर निघा, स्टँडवरून पाटोच्या पुलावरून खाडी ओलांडा, पोस्ट ऑफिसच्या चौकात या (ही पोस्टाची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची होती), तिथून सां तोमेच्या गल्ल्या, मग फोंतैन्यश, सेंट सेबॅस्टियनचं कपेल (छोटं चर्च), पुढे मळा नावाचा भाग, आणि तिथून वर मारुतीचं देऊळ. वर पोचलात की खाली लाल कौलं आणि खाडी दिसते. मग आल्तिनोवरून हळूहळू उतरत चर्चच्या बाजूला. असं केलं तर चढ सकाळच्या गारव्यात होतो आणि ऊन चढल्यावर उतार राहतो. उलटं केलं तर तीच ठिकाणं, तेवढंच अंतर, आणि माणूस दमून हॉटेलवर परत.

सेंट सेबॅस्टियनचं ते कपेल एकोणिसाव्या शतकातलं, छोटंसं, बाहेरून काहीच वाटत नाही. आत जो क्रूस आहे तो आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, मग आदिलशाही राजवाड्यात, आणि मग इथे आला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. एवढं माहीत असेल तर माणूस दारात थांबतो, बघतो, जरा विचार करतो. माहीत नसेल तर पांढरी भिंत बघून पुढे जातो. पुस्तकाचं मोल मला अशा ठिकाणी वाटतं. पण ते कपेल बऱ्याचदा बंद असतं, हेही पुस्तकाने सांगावं, नाहीतर माणूस त्यासाठीच तंगडतोड करून येतो.

आणि फोंतैन्यशबद्दल आणखी एक गोष्ट मी हल्ली प्रत्येक पुस्तकात शोधते. तिथे लोक राहतात, हे लिहिलंय का? पिवळी-निळी घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, बाल्कन्या, सगळं सुंदर आहेच, पण आत कुणाची तरी आजी दुपारी झोपलेली असते, आणि बाहेर पायरीवर बसून तासन् तास फोटोशूट चाललेलं असतं. तिथल्या लोकांनी वैतागून पाट्या लावल्यात. पुस्तकाने जर 'रंगीबेरंगी घरांसमोर फोटो काढा' एवढंच लिहिलं असेल तर ते त्या गल्लीचं नुकसान करतंय असं मी स्पष्ट म्हणेन.

वेळा हा विषय सगळ्यात कच्चा असतो. पणजी दुपारी झोपते. एकदा एक वाजला की पुष्कळ दुकानं शटर ओढतात ते साडेतीन-चारपर्यंत, आणि रविवारी तर बाजार जवळजवळ बंदच. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही म्हणा, पण मुंबईहून आलेले दोन वाजता काजू घ्यायला निघतात आणि बंद दारं बघून चिडतात. यात चिडण्यासारखं काही नाही, इथला दिवसच तसा आहे, सकाळ लवकर, दुपार घरी, संध्याकाळ बाहेर. हे एकदा कळलं की दुपारसाठी वेगळा बेत करता येतो, जुन्या गोव्याला जायचं, नऊ-दहा किलोमीटर तर आहे, बॉम जीजस आणि से कॅथेड्रल ही चर्चं दुपारी बघून होतात, फोंड्याची बस तिथूनच जाते. पण तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. सोमवारी नाही, शुक्रवारी. अशा एका शब्दाने पुस्तक विकत घेण्यालायक होतं. जुन्या गोव्याला जाताना शक्य असेल तर रायबंदरच्या रस्त्याने जा, तो पोंते द लिन्यारेश १६३३-३४ मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरच्या वर लांब बांध, दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठागरांची जमीन. रोज हजारो लोक स्कूटरवरून त्यावरून जातात पण तो इतका जुना आहे हे कुणी सांगत नाही.

खाण्याची पानं मी भरभर उलटते. रेस्टॉरंट बदलतात, मालक बदलतात, आचारी सोडून जातो, यादी दोन वर्षांत शिळी. त्यापेक्षा पुस्तकाने इथे जेवण कसं चालतं ते सांगावं. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून पों पों करत येतो, त्याच्याकडे उंडो आणि पोयी हे पाव घ्यायचे. सकाळी कुठल्याही जुन्या हॉटेलात भाजी-पाव, पातळ भाजी वेगळी सुकी वेगळी, दोन्ही मिसळून मागितली तर मिक्स. दुपारची फिश थाळी दीडच्या आत गाठायची, उशीर केला तर चांगला मासा संपलेला असतो. रोस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यातलं ऑम्लेट, संध्याकाळनंतर गाड्यावर. आणि शाकाहारी माणसांसाठी 'पर्याय उपलब्ध' एवढंच लिहून भागत नाही, कारण गोव्यातल्या हिंदू घरांत सोमवारी किंवा श्रावणात जे रांधतात ते किती छान असतं, खतखतें, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक, सोलकढी, माझी आत्या माशाला हात लावत नाही पण गोव्याच्या जेवणाचं नाव काढलं की तिला खतखतें आठवतं. आणि एक महत्त्वाचं, १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात जो मासा येतो तो नदीतला, खाडीतला, सुका, नाहीतर बर्फातला. पुस्तकात ही बंदी लिहिलेली नसेल तर खाण्याचं अख्खं प्रकरण डिसेंबरात बसून लिहिलंय हे नक्की.

आता कुणी म्हणेल हे सगळं फोनवर मिळतं. मिळतं, मी नाही म्हणत नाही, मी स्वतः रोज फोनच बघते. पण फोनला तुम्ही जे विचारता तेवढंच तो सांगतो. चर्च कुठे आहे विचारलं तर चर्च दाखवेल, चर्चच्या खालच्या बागेचं नाव गार्सिया द ओर्ता या वैद्यावरून होतं, आणि त्याने इथे गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला, हे विचारायचं तुम्हाला सुचणारच नाही. आदिलशाही राजवाड्याच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, एका बाईवर हात पसरून उभा असलेला, १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामत या आपल्याच मडकईच्या शिल्पकाराने केलेला. येणारे-जाणारे घाबरून बघतात, हा माणूस काय करतोय म्हणून. तो संमोहन करतोय, कांदोळीत जन्मलेला पाद्री, पॅरिसला जाऊन संमोहनावर व्याख्यानं देणारा. आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशातल्या निळ्या टाइल्स, त्याच्या शेजारून लोक पासपोर्ट फोटो काढायला आणि झेरॉक्सला जातात, आत डोकावत नाहीत. पुस्तक चाळताना न मागितलेलं डोळ्यासमोर येतं, तो फायदा फोनमध्ये मला अजून मिळाला नाही.

इतिहासाच्या पानाला मी एकच तारीख शोधते, १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार यावर त्या दिवशी लोकांनी मत दिलं, आणि वेगळं राहायचं ठरलं. आजचा गोवा त्या दिवसामुळे असा आहे. पण पुस्तकांत काय असतं, १५१० ला पोर्तुगीज आले, १९६१ ला गेले, मग हिप्पी आले, मग टूरिझम. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं नावसुद्धा नसतं, आणि मिरामारला त्यांची समाधी किनाऱ्याला लागून आहे, लोक तिथूनच वाळूत उतरतात. कला अकादमीत मराठी नाटकं होतात, देवळांच्या जत्रांत गावची पोरं रात्रभर मराठी नाटक करतात, सकाळी दारात मराठी पेपर येतो, आणि पुस्तकात इथले लोक कोकणी बोलतात आणि म्हातारे पोर्तुगीज बोलतात एवढंच. मराठी वाचकाने हे पान आवर्जून वाचावं. आपण इथे परके नाही हे त्याला कळलं पाहिजे, आणि हे शहर तरीही आपल्यापेक्षा वेगळं आहे हेही कळलं पाहिजे.

दुसऱ्या कुठल्या शहराला जायचं असलं की मी याचाच उपयोग करते. कोलकात्याचं किंवा कोचीचं पुस्तक घ्यायचंय, ते शहर मला माहीत नाही, मग पुस्तक खरं बोलतंय हे कळणार कसं? तर त्याच प्रकाशकाचं गोव्याचं पुस्तक काढायचं आणि पणजी वाचायची. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसते (हे ग्रंथालय १८३२ पासूनचं, नवी इमारत स्टँडपासून चालत आहे), दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं समोर घेते. ज्याने पणजीत शटलची खिडकी, दुपारची बंद दारं आणि आल्तिनोचा चढ लिहिलाय त्याने कोलकात्यातही ट्राम कुठे पकडायची ते बघितलं असणार. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर कोल्हापूर वाचा, नाशिकचे असाल तर नाशिक. आपल्या गावाच्या पानावर पुस्तकाला लपता येत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, जाड पुस्तकात प्रत्येक शहराचा लेखक वेगळा असू शकतो, पहिल्या पानांवर कुणी कुठला भाग लिहिलाय ते दिलेलं असतं, तेही बघून घ्या.

शेवटचं राहिलं ते कधी यायचं याचं पान. 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम' हे सगळीकडे असतं, पण त्याच नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, २००४ पासून दर वर्षी पणजीत, त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण आणि मिळाली तरी महाग. कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत मिरवणूक, शिगम्यालाही तेच, संध्याकाळी रस्ते बंद, गाडी आणायची नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं, तेव्हा चर्चपुढच्या रस्त्यावर फेरी म्हणजे जत्रेचा बाजार भरतो, खाज्याचे ढीग, लाकडी खेळणी, मातीची भांडी, हे दिवस कळले तर माणूस ते टाळेल किंवा मुद्दाम त्याच दिवशी येईल. आणि पावसाळा तर बहुतेकांनी सोडूनच दिलेला असतो. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, म्हणून 'प्रवास टाळा' असं एका ओळीत उरकतात. किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, पोहायचं नसतं, हे खरंच आहे आणि ते ठळक लिहिलंच पाहिजे. पण शहर बघायला आलेल्या माणसाला शॅकचं काय करायचंय? पणजी तेव्हा चालू असते, खोल्या स्वस्त असतात, भिंतींवर शेवाळ चढतं, चोडण फेरीतून दोन्ही काठ हिरवेगार दिसतात. २४ जूनला सांजांवचा सण, डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला, देवकीकृष्णाच्या देवळासमोर अख्खा गाव चिखलात, पणजीहून बसने अर्ध्या-पाऊण तासावर. छत्री आणा, चपला रबरी घाला, फोनला प्लास्टिकची पिशवी, आणि माशेलहून परतीची बस किती वाजता आहे ते स्टँडवर आधी विचारून घ्या.